कोलोनोस्कोपीच्या तयारीसाठी अ‍ॅप घ्यायचं का? आधी साबुदाण्याचं बघा

प्रश्न असा आला आहे: तालुक्याच्या गावी चाळीस खाटांचं रुग्णालय आहे. वर्षभरापूर्वी तिथे कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, सुरू केली. पोट नीट साफ न होता पेशंट येतात आणि तपासणी पुढे ढकलावी लागते. आता एक कंपनी तयारीच्या सूचना देणारं मोबाइल अ‍ॅप घेऊन आली आहे. त्याने खरंच फरक पडतो का, आणि घ्यावं का?

फरक पडतो. पण पेशंटचं पोट साफ होतं ते पहाटे चार वाजता कोणीतरी ‘उठा, राहिलेली अर्धी बाटली संपवा’ म्हणून हलवतं तेव्हा. हे काम अ‍ॅप करतं, व्हॉट्सअ‍ॅप करतं, घरातली सूनही करते. म्हणून पैसे मोजायच्या आधी तुमचे पेशंट नेमके कुठे चुकतात ते शोधा. मी सोलापुरात अठरा-एकोणीस वर्षं दुर्बिणीने पोट तपासतोय. माझ्याकडचे कुठे चुकतात ते सांगतो, त्यावरून तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी मंगळवेढ्याकडच्या एक मावशी आल्या होत्या. औषध दोन्ही वेळा घेतलेलं, तक्रार काही नाही. दुर्बीण आत गेली आणि थोड्याच अंतरावर शेंगदाण्याचे तुकडे दिसायला लागले. थोडेथोडके नाहीत, ओंजळभर. दुर्बिणीतली सक्शनची वाट जेमतेम पावणेचार मिलिमीटरची असते. शेंगदाण्याचा एक तुकडा तिथे बसला की काम थांबलं. अर्ध्या वाटेवरून परत आलो. मावशी शुद्धीवर आल्यावर विचारलं, “काल काय खाल्लं होतं?”

“काही नाही हो डॉक्टर. कडक उपास केला. तुम्हीच सांगितला होता की.”

“उपासाला काय घेतलं?”

“सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी रताळ्याचा कीस, आन रात्री ते औषध प्यायच्या आधी शेंगदाण्याचे दोन लाडू. बास.”

मी आमचा कागद काढून बघितला. त्यावर छापलं होतं, ‘आदल्या दिवशी उपवास करावा.’ चूक मावशींची नव्हतीच. आपल्याकडे उपाशी राहणं वेगळं आणि उपवास करणं वेगळं. उपवासाला एक अख्खा स्वयंपाक आहे, आणि त्यात शेंगदाण्याचं कूट नाही असा पदार्थ शोधावा लागतो. आता आमच्या कागदावर ‘उपवास’ हा शब्दच नाही.

हे इतकं लांबवून सांगायचं कारण असं की कंपन्यांची जी अ‍ॅप मी पाहिली, त्यांचं मराठी इंग्रजीवरून उतरवलेलं होतं. एकात ‘क्लिअर लिक्विड’चं ‘स्पष्ट द्रव घ्या’ असं झालं होतं. दुसऱ्यात ‘स्वच्छ द्रवपदार्थ’. स्वच्छ म्हटल्यावर माणूस फिल्टरचं पाणी पितो आणि बाकी काहीच घेत नाही. मग सकाळी चक्कर येते. ‘पातळ पदार्थ’ म्हणाल तर आमटी, ताक, आंबील, हे सगळं पातळच आहे. ‘हलका आहार’ म्हटलं की घरचे पपई आणि पेरू कापून देतात, आणि पेरूच्या बिया काय करतात ते मला विचारा. आम्ही आता एवढंच सांगतो: काचेच्या ग्लासात ओता, ग्लासामागे वर्तमानपत्र धरा, अक्षरं वाचता आली तर चालेल. गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, गाळलेली भाताची पेज, वरणावरचं निवळ पाणी, शहाळं. शहाळं किडनीच्या पेशंटला नाही, त्यात पोटॅशियम असतं. कोकम सरबत निवळ असलं तरी नको, कारण लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. डाळिंबाचा रस आणि बीटही त्यासाठीच नको. अ‍ॅपमध्ये ‘लाल जेली टाळा’ असं लिहून येतं. आमच्याकडे लाल जेली कोण खातंय? कोकम मात्र उन्हाळ्यात घरोघरी असतं.

भाषेचं अजून एक. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी विणकर घरं आहेत, अक्कलकोटच्या बाजूला कानडी. घरात मराठी येतं, पण आजीला पोटाचं दुखणं सांगायचं तर ती आपल्याच भाषेत सांगते. अ‍ॅपवाले ‘मराठी, हिंदी, इंग्रजी’ म्हणाले की तुमच्या ओपीडीत बाकावर बसलेले लोक घरी काय बोलतात ते आठवा. आणि वाचून दाखवणारा आवाज आहे का, हे पाहा. आमच्याकडे साठीच्या पुढच्या बऱ्याच पेशंटना अक्षर ओळख असते, पण पानभर सूचना वाचून त्या लक्षात ठेवायची सवय नसते. मिनिटभराची ध्वनिफीत ते चार वेळा ऐकतात.

आता औषधाच्या दुसऱ्या भागाचं. सगळ्यात जास्त तपासण्या इथेच बिघडतात, आणि अ‍ॅपचा खरा उपयोगही इथेच आहे.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पूड देतात. साधारण १३७ ग्रॅमचं पाकीट दोन लिटर पाण्यात कालवायचं. पूर्वी सगळं आदल्या संध्याकाळी प्यायला लावायचे. पण रात्रभरात लहान आतडं थांबत नाही. पित्त आणि पाचक रस खाली येत राहतात आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागावर, म्हणजे पोटाच्या उजव्या बाजूला, एक चिकट पिवळट थर धरतो. नेमक्या याच भागात चपट्या गाठी (पॉलिप) असतात. अंगावर थर घेऊन बसलेली चपटी गाठ अनुभवी डोळ्यालाही हुकते. म्हणून अर्धं औषध आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या दिवशी. दुसरा भाग तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करायचा आणि दोन तास आधी संपवायचा. दोन तासांची अट भुलीसाठी आहे, पोटात पाणी असताना गुंगीचं औषध दिलं तर ते फुप्फुसात जायची भीती असते.

हिशोब करा. तपासणी सकाळी नऊला असेल तर दुसरा भाग चारला सुरू. पहाटे चारला उठून एक लिटर खारट-गोडसर पाणी प्यायचं हे कोणाला आवडेल? पेशंट म्हणतो, रात्री पोट साफ झालंय, आता काय गरज, आणि झोपतो. अ‍ॅपने चारला वाजवलं, सव्वाचारला पुन्हा वाजवलं, आणि ‘पहिला ग्लास झाला का?’ असं विचारलं, तर तो उठतो. एवढ्यासाठी मी अ‍ॅपच्या बाजूने आहे.

पण उठूनही दुसरा भाग न घेणारे असतात, आणि त्यांना मी बरीच वर्षं आळशी समजत होतो. मग आमच्या सिस्टरनी एकाला नीट विचारलं. तो बार्शीहून यायचा. बार्शी ते सोलापूर सत्तर किलोमीटर. नऊला पोहोचायचं म्हणजे सहा-साडेसहाची एसटी. चारला औषध घेऊन सहाला एसटीत बसायचं? वाटेत लागली तर? तो म्हणाला, “सिस्टर, कंडक्टरला काय सांगू?” त्याने दुसरा भाग मुद्दाम टाळला होता, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही टाळला असता. तुम्ही तालुक्याच्या गावी आहात, तुमच्याकडे वाड्यावस्त्यांवरून लोक येणार. हा घोळ तुम्हाला चुकणार नाही.

त्यावर अ‍ॅप काही करत नाही, वेळापत्रक करतं. आम्ही आता लांबच्या पेशंटला दुपारी दोनची वेळ देतो. आठला दुसरा भाग, सव्वानऊपर्यंत संपवायचा, तास-दीड तास घरच्या संडासात, मग अकराची गाडी. गावातल्या आणि शहरातल्या पेशंटना सकाळची वेळ. अ‍ॅप घ्यायचंच असेल तर कंपनीला हा एक प्रश्न विचारा: पेशंट किती लांबून येतो हे तुमचं अ‍ॅप विचारतं का, आणि त्यावरून औषधाची वेळ बदलतं का? माझ्यासमोर बसलेल्या प्रतिनिधीला हा प्रश्नच नवा होता.

पुढचा घोळ फोन कोणाचा याचा. नोंदणीच्या वेळी नंबर दिला जातो मुलाचा, कारण स्मार्टफोन त्याच्याकडे. मुलगा हिंजवडीत नोकरीला. पहाटे चारला अ‍ॅप वाजतं हिंजवडीत आणि वडील बार्शीत घोरत असतात. हे खरंच झालेलं आहे. अर्थात त्या मुलाने उठून वडिलांना फोन लावला आणि त्या दिवशी आतडं आरशासारखं स्वच्छ होतं. तेव्हापासून आम्ही मुद्दाम दोन नंबर घेतो, एक पेशंटजवळ झोपणाऱ्याचा आणि एक लांब राहून काळजी करणाऱ्याचा. लांबचा माणूस जास्त चिकाटीचा निघतो.

शिवाय अँड्रॉइडची स्वतःची खोड आहे. अँड्रॉइड १३ पासून नवीन अ‍ॅपला सूचना दाखवायची परवानगी वेगळी द्यावी लागते, आणि घाईत लोक ‘नको’ दाबतात. १४ पासून नव्याने घेतलेल्या बहुतेक अ‍ॅपना ठरल्या मिनिटाला गजर वाजवायची मुभाही आपोआप मिळत नाही. त्यात स्वस्त फोन बॅटरी वाचवायच्या नावाखाली मागे चाललेली अ‍ॅप झोपवून टाकतात. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी अ‍ॅप घेतलं तीच रात्री होत नाही. आमच्या काउंटरवरची मुलगी काय करते, तर पेशंटचा फोन हातात घेते आणि फोनच्या साध्या घड्याळात चारचा आणि सव्वाचारचा गजर लावून देते. याला तीस सेकंद लागतात आणि परवाना शुल्क शून्य.

स्वस्त युक्त्यांवरून आठवलं. लोक पाकीट किती पाण्यात कालवतात याची कधी चौकशी करा. तांब्यात कालवणारे आहेत, ‘दोन लिटर म्हणजे चार ग्लास’ समजणारे आहेत. आम्ही सांगतो, कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली धुऊन घ्या. बाटलीच्या मध्यावर मार्करने रेघ मारा. रात्री रेघेपर्यंत, पहाटे तळापर्यंत. एकेक ग्लास दहा-पंधरा मिनिटांनी, गार करून. मळमळ झाली तर अर्धा तास थांबून पुन्हा. पोट फुगून टम्म झालं, सारखी उलटी होतेय आणि संडासला मात्र होत नाही, असं असेल तर औषध थांबवून लगेच फोन करायचा, कारण आतडं कुठे अडलेलं असू शकतं. हा प्रसंग अ‍ॅपच्या बटणावर सोडू नका. त्या वेळी उचलला जाणारा फोन नंबर अ‍ॅपमध्ये पहिल्याच पानावर मोठ्या आकड्यांत हवा, आणि रात्री तो कोण उचलणार हे तुमच्या ड्यूटी रजिस्टरमध्ये लिहिलेलं हवं.

अ‍ॅपमधली एक गोष्ट मला मनापासून आवडते, ती म्हणजे रंगांची चित्रं. पोट साफ झालं का, या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात. दहा वेळा जाऊन आलो म्हणजे साफ झालंच, असा त्यांचा हिशोब. चार चित्रं दाखवा: गढूळ तपकिरी, नारिंगी, पिवळं पण कण असलेलं, आणि लघवीसारखं पिवळं निवळ. ‘तुमचं कोणतं?’ यावर खरं उत्तर येतं. प्रत्यक्ष फोटो मागवू नका. आम्ही एकदा मागवला आणि एका काकांनी तो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. पुढचं सांगत नाही.

औषधांच्या बाबतीत मात्र अ‍ॅपला लगाम घाला. गोळ्यांची माहिती त्याने विचारावी, उत्तर डॉक्टरने द्यावं. एका पेशंटने कुठल्याशा अ‍ॅपमध्ये ‘रक्त पातळ करणारी औषधं पाच दिवस आधी बंद करा’ असं वाचलं आणि क्लोपिडोग्रेल बंद केली. आदल्या संध्याकाळच्या फोनवर सिस्टरच्या कानावर आलं की हृदयात स्टेंट बसवून दीडच महिना झालाय. नव्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जीव जातो. साधी तपासणी आणि बायोप्सी या गोळ्या चालू ठेवूनही होते. त्याला लगेच गोळी घ्यायला लावली आणि हृदयरोगतज्ज्ञांशी बोललो. कोणती गोळी, कशासाठी, किती दिवसांपासून, हे तिन्ही कळल्याशिवाय ‘बंद करा’ हा शब्द उच्चारू नये.

मधुमेहाचंही तसंच. दिवसभर निवळ पाण्यावर राहून नेहमीची इन्सुलिन घेतली तर साखर कोसळते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या २०२० नंतर स्वस्त झाल्या आणि आता गावोगाव चालू आहेत. त्या तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर उपाशीपोटी साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं. त्या थांबवल्यावर साखरेचं काय करायचं, हे पेशंटच्या मधुमेहाच्या डॉक्टरला विचारायचं. लोहाच्या गोळ्या पाच ते सात दिवस आधी बंद, कारण शौच काळी आणि चिकट होते. ही एकच सूचना अ‍ॅपने सगळ्यांना सरसकट द्यायला माझी हरकत नाही. आणखी एक बघा. सोडियम फॉस्फेटचं जुनं औषध घ्यायला सांगणारं अ‍ॅप दिसलं तर तिथेच बंद करा. त्याने किडनीला इजा होते म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली कडक इशारा दिला होता.

अभ्यास काय सांगतात? चीनमध्ये ७७० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना नेहमीच्या सूचना, अर्ध्यांना त्याशिवाय वुईचॅट या चिनी मेसेजिंग अ‍ॅपवरून स्मरणपत्रं आणि माहिती. ज्यांना मेसेज गेले त्यांच्यात नीट तयारी झालेले ८२ टक्के, बाकीच्यांत सुमारे ७० टक्के. गाठीही जास्त सापडल्या. जर्मनीतल्या एका चाचणीत खास बनवलेल्या अ‍ॅपनेही तयारी सुधारली. पण या दोन्हींच्या आधी चीनमध्येच आदल्या दिवशी नुसता फोन करून सूचना पुन्हा समजावल्या, तेव्हाही साधारण एवढाच फरक पडला होता. युरोपच्या एंडोस्कोपी संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींतही सूचना अधिक ठळकपणे, पुन्हा द्याव्यात यावर भर आहे. त्यासाठी अमुकच साधन हवं, असा हट्ट नाही. मी यातून घेतो ते एवढंच की माणसाला योग्य वेळी आठवण करणारं काहीतरी हवं. तुमच्याकडे दिवसाला दोन-तीन तपासण्या असतील तर फोन पुरतो. वीस असतील तर फोन करणारी सिस्टर रडकुंडीला येईल, आणि तेव्हा अ‍ॅपचा खर्च निघेल.

कंपनीशी बोलताना बाकीचं थोडक्यात. पेशंटची माहिती कुठे साठते आणि कंत्राट संपल्यावर ती पुसली जाते का, हे लेखी घ्या. डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ साली झालाय, आणि पेशंट जाब विचारणार तुम्हाला, कंपनीला नाही. पोट साफ करायच्या अ‍ॅपला फोनमधले सगळे संपर्क आणि लोकेशन कशाला हवं, हेही विचारा. मजकूर तुम्हाला स्वतः बदलता येतो का? माझ्या मते याच उत्तरावर सौदा करावा किंवा मोडावा. ‘बदल हेड ऑफिसला कळवावे लागतात’ असं म्हणाले तर चहा पाजून निरोप द्या.

आणि काहीही घ्यायच्या आधी दोन महिने एक वही ठेवा. प्रत्येक तपासणीला बोस्टन गुण लिहा. उजवा, मधला, डावा, तिन्ही भागांना शून्य ते तीन, एकूण नऊ. प्रत्येक भागाला किमान दोन मिळाले तरच तयारी नीट झाली म्हणायची. शेजारी चार गोष्टी: दुसरा भाग किती वाजता संपवला, आदल्या दिवशी काय खाल्लं, किती लांबून आले, सूचना कोणी वाचून दाखवल्या. गुण कमी आले तर पेशंटला रागावू नका, रागावलात की तो पुढच्या वेळी खोटं सांगतो. दोन महिन्यांनी वही चाळलीत की तुमच्याकडे औषध कमी पडतंय, एसटी आडवी येतेय की शेंगदाणे, हे कळेल. तो घोळ जे सोडवेल ते घ्या. नंतर अ‍ॅप आणलंत तर तीच वही पुढे चालू ठेवा, म्हणजे कंपनीच्या रंगीत आलेखांवर विसंबायची वेळ येणार नाही.

आमच्याकडे अजून तरी आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला सिस्टर फोन करतात. पाकीट कशात कालवलं? आता समोर काय खायला आहे? पहाटे कोण उठवणार? संडासात दिवा आहे ना? शेवटचा प्रश्न त्यांनी स्वतः घातला, कारण एक आजोबा अंगणातल्या संडासाकडे जाताना अंधारात पडले होते. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर मराठी, कानडी आणि तेलुगूत मिनिटभराची ध्वनिफीत जाते, आमच्याच स्टाफच्या आवाजात. तुम्हाला मजकूर हवा असेल तर वापरा, फक्त तुमच्याकडच्या जेवणाप्रमाणे बदलून घ्या.

कागदही दर वर्षी बदलतोच. मावशींच्या प्रसंगानंतर आम्ही ठळक अक्षरांत ‘साबुदाणा, शेंगदाणे, रताळं चालणार नाही’ असं छापलं. पुढच्याच आठवड्यात एक काका भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाऊन आले. म्हणाले, “शेंगदाणे नाहीत डॉक्टर, वाटलेले होते.” आता कागदावर भगरही आहे, आणि ‘शेंगदाणे’ शब्दापुढे ‘अख्खे, भाजलेले, वाटलेले, कूट’ असं सगळं आहे.